वेग भरपूर, तरी चित्र धूसर: कॉम्प्युटरवर ४के नेमकं अडतं कुठे

प्रश्न कोल्हापूरच्या एका निवृत्त काकांचा आहे. थोडक्यात असा: घरी इंटेल आय५-८४०० प्रोसेसरचा, विंडोज ११ असलेला डेस्कटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नवा २७ इंची ४के मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय. शेजारी जुना १९ इंची मॉनिटर तसाच ठेवलाय, बातम्या आणि शेअरचे भाव बघायला. फायबर १५० एमबीपीएसचं, नेटफ्लिक्सचा प्लॅन प्रीमियम. एवढं करूनही क्रोममध्ये सिनेमा लावला की चेहरे मऊ, पुसल्यासारखे दिसतात आणि यूट्यूबवर ४के निवडलं की चित्र मधेमधे अडखळतं. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाका. टाकू का?

काका, टाकू नका. तुम्ही लिहिलेल्या माहितीत मला निदान तीन जागा दिसतात जिथे हे अडलेलं असणार, आणि तिन्हींना मिळून एका केबलपलीकडे फारसा खर्च नाही. कॉम्प्युटर जुळवणं आणि दुरुस्त करणं हे मी बावीस वर्षं करतोय. गेल्या काही वर्षांत ‘पिक्चर क्लिअर येत नाही’ म्हणून जेवढे फोन आले त्यांत इंटरनेटचा वेग कमी पडलाय असं फार थोड्या घरी निघालं. टीव्हीवर जे आपोआप मिळतं ते कॉम्प्युटरला मागून घ्यावं लागतं, कारण चित्र पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटरवर भरवसा नसतो. प्रश्न ताकदीचा कमी आणि परवानगीचा जास्त आहे.

पण आधी आकडा बघा. डोळ्यांवर जाऊ नका, डोळे फसतात. नेटफ्लिक्सवर सिनेमा चालू करा, दोन मिनिटं जाऊ द्या (सुरुवातीला ते मुद्दाम हलकं चित्र पाठवतं आणि मग चढत जातं) आणि कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी ही चार बटणं एकदम दाबा. पडद्यावर बारीक अक्षरांचा मजकूर येईल. त्यात ‘प्लेइंग बिटरेट’ अशी ओळ असते आणि तिच्या शेवटी कंसात चित्राची मापं. तिथे १२८०×७२० किंवा १९२०×१०८० असेल तर ४के तुमच्यापर्यंत येतच नाहीये, ३८४०×२१६० असेल तर तुम्हाला ४के मिळतंय आणि दोष मॉनिटरच्या सेटिंगमध्ये आहे. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवं क्लिक करा, यादीत सगळ्यांत खाली ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ आहे. ते उघडं ठेवून बघा.

माझा अंदाज, तुमच्या क्रोममध्ये १९२०×१०८० दिसेल. त्याचं कारण सांगतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवा चित्र कुलूपबंद करून पाठवतात. ते कुलूप उघडण्याची व्यवस्था प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये गूगलची वाइडव्हाइन, एजमध्ये मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी, सफारीत ॲपलची फेअरप्ले. डेस्कटॉपच्या क्रोममध्ये वाइडव्हाइन वर्षानुवर्षं फक्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालत आली, म्हणजे उघडलेलं चित्र साध्या मेमरीत येतं आणि जाणकाराला तिथून ते उचलता येतं. म्हणून क्रोमला बराच काळ ७२०पीच (म्हणजे १२८०×७२०) मिळायचं, नंतर १०८०पी (१९२०×१०८०) मिळू लागलं. एजमधली प्लेरेडी मात्र चिपच्या आत, हात न पोचणाऱ्या भागात कुलूप उघडू शकते. २०१६ च्या शेवटी कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्सचं ४के पहिल्यांदा आलं तेही एजमध्येच, आणि तेव्हाही अट इंटेलच्या ७व्या पिढीच्या प्रोसेसरची होती. तुमचा ८व्या पिढीचा आहे, म्हणजे तुम्ही अटीत बसता. विंडोजवर खात्रीची वाट आजही एज किंवा नेटफ्लिक्सचं स्वतःचं ॲप हीच आहे. मॅकवाल्यांनी सफारी वापरावा: मॅकओएस ११ किंवा पुढचं, आणि मशीनमध्ये टी२ चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर हवा. लिनक्सवर ४केचा नाद सोडा. मला स्वतःला लिनक्स फार आवडतं, पण तिथे ही परवानगी मिळत नाही.

एजमध्ये जाण्याआधी एक छोटं काम. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ शोधा. नेटफ्लिक्सचं ४के एचईव्हीसी या पद्धतीने आवळलेलं येतं आणि विंडोजमध्ये ती उलगडायची सोय दर वेळी आधीपासून असेलच असं नाही. थोडके पैसे लागतात, ते द्या. फुकट देणाऱ्या अनोळखी साइटवरून ती फाइल उतरवू नका.

आता तुमचा तो १९ इंची मॉनिटर. माझ्या मते तुमच्याकडचा खरा अडथळा तोच आहे. ४के चित्र कॉम्प्युटरमधून मॉनिटरपर्यंत जातानाही कुलपातच जातं. त्या कुलपाचं नाव एचडीसीपी, आणि ४केसाठी त्याची २.२ ही आवृत्ती लागते. नव्या मॉनिटरमध्ये ती असेल. पण नेटफ्लिक्स फक्त सिनेमा चालू असलेला मॉनिटर बघत नाही, जोडलेले सगळे मॉनिटर बघतं. त्यातला एक जरी अटीत बसला नाही तरी सगळ्यांचं चित्र खाली येतं. तुमचा जुना मॉनिटर बहुधा निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने जोडलेला असेल. व्हीजीएमध्ये एचडीसीपी हा प्रकारच नाही.

कोथरूडच्या एका घरी मी यावर जवळजवळ पूर्ण दुपार घालवली. एज होतं, एक्स्टेन्शन होतं, प्लॅन बरोबर होता, लॅन केबल जोडलेली होती. आकडा १९२०×१०८० वरून हलेना. ड्रायव्हर नवे टाकले, विंडोजचे अपडेट केले, काही नाही. चहा आला तेव्हा कप ठेवायला जागा करताना दुसरा मॉनिटर सरकवला आणि त्याच्या मागची निळी केबल दिसली. दोन्ही स्क्रू फिरवून ती काढली, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, तोच सिनेमा लावला. मिनिटभरात कंसात ३८४०×२१६० आलं. समोर एका बाईच्या साडीचा काठ होता, त्यातली जर वेगळी दिसू लागली. घरातल्या आजी म्हणाल्या, “आत्ता कसं!” तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की मी सगळ्यांत आधी टेबलामागे वाकून केबली मोजतो.

नुसता मॉनिटर बटणाने बंद करणं पुरत नाही, केबल काढा. किंवा विंडोज आणि पी ही बटणं दाबून एकाच मॉनिटरवर चित्र ठेवा, तेही बहुतेक ठिकाणी चालतं. सिनेमा संपला की पुन्हा दोन्ही सुरू करा.

दुसरा अडथळा तुमच्या एचडीएमआयमध्ये आहे. ८व्या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांवरचं एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचं असतं. त्यातून ४के जातं, पण सेकंदाला ३० वेळाच. नेटफ्लिक्सच्या अटीत ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा पडदा आहे. तपासायला सोपं आहे: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे ३० हर्ट्झ दिसलं तर हेच झालंय. एक खूण हातालाही कळते, माउस भरभर फिरवला की बाण जड वाटतो, हाताच्या मागे रेंगाळतो. मदरबोर्डवर शेजारीच डिस्प्लेपोर्ट असेल, एका कोपऱ्याला तिरका कापल्यासारखं तोंड असतं त्याला. त्यातून ४के ६० हर्ट्झवर व्यवस्थित जातं. डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट अशी चांगली, दोन मीटरच्या आतली केबल घ्या. एवढाच काय तो तुमचा मोठा खर्च. ‘८के’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या केबलींना भुलू नका. एका गिऱ्हाइकाने मुंबईहून आणलेली तशी एक केबल माझ्याकडे पडून आहे, तिच्यातून ४के नीट जात नाही, दर काही मिनिटांनी पडदा क्षणभर काळा होतो.

यूट्यूबचं अडखळणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे कुलपाचा प्रश्न नाही, उलगडण्याचा आहे. यूट्यूब एकच व्हिडिओ तीन प्रकारांनी आवळून ठेवतं. जुना एच.२६४, जो यूट्यूबवर १०८०पीच्या वर जात नाही, मग व्हीपी९, आणि सगळ्यांत नवा एव्ही१. तुमच्या आय५-८४०० मधल्या ग्राफिक्सला व्हीपी९ चिपमध्येच उलगडता येतो, अगदी सहज. एव्ही१ मात्र येत नाही. इंटेलमध्ये ती सोय ११व्या पिढीपासून आली, एनव्हिडियामध्ये आरटीएक्स ३० मालिकेपासून, ॲपलमध्ये एम३ पासून. तेव्हा यूट्यूबने एव्ही१ पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर पडतो. स्टॅट्सच्या चौकटीत ‘कोडेक्स’च्या ओळीत एव्ही०१ दिसत असेल आणि ‘ड्रॉप्ड’ समोरचा आकडा वाढत असेल तर रोग सापडला. यूट्यूबच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’ आहे, तिथे एव्ही१ फक्त एसडीसाठी (म्हणजे कमी दर्जाच्या चित्रासाठी) वापरा असा पर्याय आहे, तो निवडा. मग ४के व्हीपी९ मधून येईल. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू उघडून ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा, तो हलू लागला म्हणजे काम योग्य जागी चाललंय.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन’ (चित्र उलगडायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडे सोपवणारी सोय) चालू आहे का तेही बघून घ्या. कधीतरी कुणीतरी एखादी अडचण सोडवताना ते बंद करून जातं आणि मग वर्षभर ते तसंच राहतं.

ज्यांचा मॉनिटर फुल एचडीच आहे त्यांच्यासाठीही इथे एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. १०८०पीच्या पडद्यावरसुद्धा यूट्यूबवर १४४०पी किंवा ४के निवडा. लोक म्हणतात, पडद्याला जेवढे ठिपके तेवढंच दिसणार, मग जास्त कशाला? दोन कारणं आहेत. एक, मोठ्या चित्राला यूट्यूब कितीतरी जास्त डेटा देतं. त्यामुळे पाऊस, झाडांची पानं, वारीतली गर्दी अशा भरभर बदलणाऱ्या दृश्यांत चौकटी उमटत नाहीत. दुसरं कारण रंगाचं. व्हिडिओ आवळताना उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची दोन्ही बाजूंनी निम्मी करतात, कारण डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो. म्हणजे १९२०×१०८० चित्रात रंग फक्त ९६०×५४० इतकाच असतो. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं असली की त्यांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात ते यामुळेच. ४के चित्रात रंग १९२०×१०८० असतो, आणि ते लहान करून तुमच्या पडद्यावर बसवलं की प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा पूर्ण रंग मिळतो. कीर्तनाचा एखादा ४केमध्ये चित्रित झालेला व्हिडिओ दोन्ही प्रकारे लावून बुवांच्या पागोट्याकडे बघा, फरक सांगावा लागणार नाही. नेटफ्लिक्सवर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पडद्याचीच अट आहे.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. नेटफ्लिक्स ४केला १५ एमबीपीएस पुरेसं म्हणतं, १०८०पीला ५. तुमच्याकडे १५० आहे. फक्त ते कॉम्प्युटरपर्यंत पोचतंय का ते बघा, आणि रात्री नऊ-दहाला बघा, दुपारी नव्हे. फास्ट डॉट कॉम ही साइट नेटफ्लिक्सचीच आहे आणि ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते, म्हणून ती वापरा. केबलवाला जे मोजून दाखवतो ते बहुधा त्याच्या जवळच्या सर्व्हरपर्यंतचं असतं. राऊटर दाराजवळ चपलांच्या कपाटावर आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत असेल तर लॅन केबल ओढून घ्या. वायरमनचं तासाभराचं काम आहे. ते जमत नसेल तर निदान वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. अपार्टमेंटमध्ये २.४ वर शेजारच्या दहा घरांचे राऊटर एकमेकांत बोलत असतात. व्हीपीएन असेल तर बंद करा. डेटाची काळजी करू नका: १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी होतात, आणि तुमच्या प्लॅनला महिन्याची ३,३०० जीबीची मर्यादा असेल तर ती गाठायला रोज सोळा तास सिनेमे बघावे लागतील.

दोन लपलेल्या जागा सांगतो, जिथे घरातल्याच कुणीतरी कधीतरी दर्जा खाली केलेला असतो. नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रत्येक प्रोफाइलला वेगळं ‘प्लेबॅक सेटिंग्ज’ असतं. मुलाने कधी मोबाइलच्या नेटवर बघताना ‘लो’ करून ठेवलेलं असेल तर ते ‘हाय’ किंवा ‘ऑटो’ करा. आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, व्हिडिओ प्लेबॅक इथे ‘नेटवर्कची बचत करण्यासाठी कमी दर्जाचं चित्र’ अशा अर्थाची एक खूण असते, ती काढलेली हवी. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच सिनेमा बघावा, बॅटरीवर विंडोज आणि एज दोघंही हात आखडता घेतात.

हे सगळं झाल्यावर रंगाकडे वळा, कारण आकडा बरोबर असूनही चित्र फिकं दिसू शकतं. रात्रीचं दृश्य लावा. आभाळ काळं न दिसता राखाडी, धुरकट दिसत असेल तर कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांची भाषा जुळत नाहीये. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ धरतात, कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. कॉम्प्युटर १६ पाठवतोय आणि मॉनिटरला वाटतंय की काळा ० वर आहे, म्हणून १६ राखाडी दिसतो. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ असते, ती ‘फुल’ करा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तीच गोष्ट ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ या नावाने आहे. एचडीएमआयवर हा घोळ जास्त होतो, डिस्प्लेपोर्टवर क्वचित. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतलं ‘शार्पनेस’ही कारखान्यातून आलं तसं ठेवा. चढवलं की कडांना पांढरी रेघ येते आणि लोक तिलाच स्पष्टपणा समजतात.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या सोयीबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या मॉनिटरवर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ असा शिक्का असेल तर विंडोजमधलं एचडीआर बंदच ठेवा. त्या दर्जाच्या मॉनिटरला पडद्याचा एक भाग अंधारा आणि दुसरा उजळ ठेवता आलाच पाहिजे अशी अट नसते. त्यामुळे सगळंच फिकं होतं.

आणि ‘नेटफ्लिक्स ४के अनलॉक’ किंवा ‘फोर्स १०८०पी’ अशा नावांची एक्स्टेन्शन्स ब्राउझरमध्ये टाकू नका, हात जोडून सांगतो. चिप जी परवानगी देत नाही ती एक्स्टेन्शन देऊ शकत नाही. पण तुम्ही उघडाल ती प्रत्येक साइट वाचायची परवानगी मात्र ते मागून घेतं, आणि त्याच ब्राउझरमध्ये तुमचं बँकेचं खातं उघडतं.

जुन्या मराठी चित्रपटांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण काकूंना ते बघायला आवडतात असं तुम्ही लिहिलंय. त्यातले अनेक यूट्यूबवर व्हीसीडीवरून उतरवलेले आहेत. व्हीसीडीचं चित्र ३५२×२८८, म्हणजे एक लाखाच्या आसपास ठिपके. तुमच्या पडद्यावर जवळजवळ ८३ लाख आहेत. व्हीसीडीतला एकेक ठिपका तुमच्याकडे ऐंशीपेक्षा जास्त ठिपक्यांवर पसरतो, मग चेहरा पुसटच दिसणार. कोणतीही सेटिंग त्यात नवी माहिती घालू शकत नाही. ते चित्रपट पूर्ण पडद्यावर न लावता खिडकी पडद्याच्या चौथाईएवढी लहान करा आणि खोलीतला दिवा मंद करा. चित्र पुष्कळ बरं वाटेल. ग्राफिक्स कार्डाचा थोडा उपयोग होईल तो इथेच. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांमध्ये २०२३ पासून कमी दर्जाचा व्हिडिओ अंदाजाने घासूनपुसून मोठा करायची सोय आहे. पण तो अंदाज असतो, चेहऱ्यावर मेणासारखी चकाकी येते, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला वीस-पंचवीस हजार घालायला सांगणार नाही.

काही सेवा ४के फक्त टीव्ही आणि टीव्ही स्टिकसाठी (एचडीएमआयच्या तोंडात खोचायचं छोटं उपकरण) ठेवतात, कॉम्प्युटरला काही केल्या देत नाहीत. तिथे झगडत बसू नका. तुमच्या नव्या मॉनिटरला आता डिस्प्लेपोर्टने कॉम्प्युटर जोडलात की एचडीएमआयचं तोंड मोकळं होतं. त्यात एखादी ४केची टीव्ही स्टिक लावा. आवाजासाठी मॉनिटरच्या मागे हेडफोनचं भोक असेल, तिथून साधी वायर स्पीकरला न्या. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदललं की कॉम्प्युटर आपल्या जागी चालू राहील आणि सिनेमा स्टिकवरून येईल. तेव्हा मग तो १९ इंची मॉनिटरही काढायची गरज उरणार नाही, शेअरचे भाव शेजारी चालू राहू देत.